देवळातल्या गणिकांचा वाद

प्राचीन इस्राएलात देवळांच्या आश्रयाने वेश्याव्यवसाय चाले, हे विसाव्या शतकातल्या बहुतेक बायबल-अभ्यासकांनी गृहीतच धरले होते. त्यामागे मोठा आधार ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा. बाबिलोनमधल्या प्रत्येक स्त्रीला आयुष्यात एकदा देवीच्या मंदिरात परक्या पुरुषाला देह द्यावा लागे, असे तो लिहितो. (दुसऱ्या देशातल्या बायकांविषयी असले काही सांगायला प्रवासी लेखकांना नेहमीच आवडते.) मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने पुढे त्याला दक्षिण भारतातल्या देवदासींचे दाखले जोडले.

खुद्द बायबलमधला पुरावा तुटपुंजा आहे. होशेयच्या ग्रंथात ‘केदेशा’ नावाच्या स्त्रिया वेश्यांच्या जोडीने येतात, आणि हे नाव पावित्र्यवाचक धातूवरून आलेले. पण उगारित या प्राचीन सीरियन नगराच्या याद्यांत त्याच धातूचे नाव असलेले सेवक पुरोहितांच्या बरोबरीने येतात; तिथे लैंगिक सेवेचा मागमूस नाही. स्टेफनी बुडिन यांनी 2008 साली ही प्रथा प्राचीन जगात कुठेच नव्हती, असे पुस्तकभर मांडले. ते सर्वांना पटलेले नाही, तरी पुरावा दाखवण्याची जबाबदारी आता जुन्या पक्षावर आली आहे. कारेल व्हान डेर टोर्न यांनी मधली वाट सुचवली: विधी वगैरे काही नसावा, नवस फेडायला पैसे नसलेल्या काही स्त्रिया देहविक्रय करीत असाव्यात. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 7व्या अध्यायातली, नवसाचा उल्लेख करणारी बाई हा त्यांचा एक दाखला.