मुद्रित दूरचित्रवाणी-कार्यक्रम दुसऱ्या खोलीत

२००५ साली अमेरिकेत विक्रीस आलेले एक्सबॉक्स ३६० हे मुळात खेळाचे यंत्र. परंतु मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मीडिया सेंटर या प्रणालीचा विस्तारक म्हणूनही त्याचा उपयोग होत असे. कार्यक्रमांचे मुद्रण व साठवण सर्वस्वी संगणकातच होई. दुसऱ्या खोलीतील पडद्यावर दिसणाऱ्या याद्याही संगणकच रचून धाडी. चित्र व ध्वनी मात्र स्वतंत्र प्रवाहाने येत आणि त्यांची उकल खेळाचे यंत्र स्वतः करी. या श्रमविभागणीतच योजनेचे मर्म आहे. अमेरिकेतील अंकीय प्रक्षेपणाचा प्रवाह सेकंदास सुमारे १९.४ मेगाबिटपर्यंत जातो. तो अखंड वाहून नेण्यास बिनतारी जोडणीपेक्षा तारच भरवशाची ठरे.

केबलवरील ‘एकदाच नक्कल’ असा संकेत असलेले मुद्रण मात्र तो संगणक व त्याचे विस्तारक यांवाचून अन्यत्र पाहता येत नसे. संग्रह गृहस्थाचा खरा, पण किल्ली यंत्राची! साहजिकच, २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळले गेले तेव्हा अशा घरांतील संग्रह जुन्या संगणकाच्या आयुष्याशी बांधला गेला. २०२० च्या जानेवारीत त्यास कार्यक्रमपत्रिका पुरविणेही थांबले.