प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही-कार्यक्रम : निधीच्या सांगडीचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय आरोग्यकार्यात प्रजनन आरोग्य व एचआयव्ही-नियंत्रण हे दोन स्वतंत्र विषय मानण्याची रूढी पडली आहे. रोगाच्या स्वरूपात या विभागणीस आधार सापडत नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एचआयव्हीचा प्रसार मुख्यतः लैंगिक संबंधातून होतो. मातेकडून अपत्यास होणारा संसर्ग गर्भावस्था, प्रसूती व स्तनपान या काळात होतो. विभागणीचे मूळ निधीच्या रचनेत आहे. ती कशी उद्भवली, तिचे परिणाम कोणते आणि ती कोणत्या अर्थाने दूर व्हावी, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१९९४ साली कैरो येथील लोकसंख्या-परिषदेत १७९ राष्ट्रांनी प्रजनन आरोग्याची व्यापक संकल्पना मान्य केली व तीत एचआयव्हीच्या प्रतिबंधाचाही समावेश केला. परंतु पुढे पैसा निराळ्या मार्गांनी आला. २००२ मध्ये एड्स, क्षय व हिवताप या तीन रोगांसाठी ग्लोबल फंड स्थापन झाला. २००३ मध्ये अमेरिकेने ‘पेपफार’ ही योजना पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर खर्चण्याच्या संकल्पाने आरंभिली. या योजनेच्या पैशातून निरोधाखेरीज अन्य गर्भनिरोधक साधने खरेदी करता येत नाहीत. त्यांची तरतूद कुटुंबनियोजनाच्या वेगळ्या निधीतून व्हावी, अशी अपेक्षा होती.

या रचनेचा परिणाम तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतरात दिसून येतो. मातेकडून अपत्यास होणारा संसर्ग टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने चार अंगे सांगितली आहेत : स्त्रियांमधील मूळ संसर्गाचा प्रतिबंध, बाधित स्त्रियांची अनिच्छित गर्भधारणा टाळणे, गर्भवतीस औषधोपचार, आणि माता व कुटुंबाची पुढील देखभाल. उपचाराविना अपत्यास संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, योग्य उपायांनी ते ५ टक्क्यांखाली आणता येते. साहजिकच तिसऱ्या अंगाकडे लक्ष व पैसा वळला. दुसरे अंग मात्र उपेक्षित राहिले, कारण त्याची साधने दुसऱ्याच निधीच्या कक्षेत होती.

उलट दिशेनेही हीच उणीव आढळते. इस्वातिनी, केनिया, दक्षिण आफ्रिका व झांबिया येथील ७,८२९ स्त्रियांवर झालेल्या ‘एको’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शन, तांब्याची तांबी व त्वचेखालील रोपण या तीन गर्भनिरोधक साधनांमुळे एचआयव्हीच्या धोक्यात लक्षणीय फरक पडतो काय, हा प्रश्न होता. तसा फरक आढळला नाही. परंतु तिन्ही गट मिळून ३९७ स्त्रियांना संसर्ग झाला. हे प्रमाण दर शंभर स्त्री-वर्षांमागे ३.८१ पडते. केवळ गर्भनिरोधनासाठी आलेल्या स्त्रियांमधील हे प्रमाण पाहता, एचआयव्ही-प्रतिबंधाची गरज कुटुंबनियोजन केंद्रातच आहे हे स्पष्ट होते.

डोलुटेग्राविर या औषधाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातील निरीक्षणात, गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेणाऱ्या मातांच्या ४२६ प्रसूतींपैकी चारांत अर्भकाच्या मज्जानलिकेचा दोष आढळला. तेव्हा विश्वसनीय गर्भनिरोधनाची सोय असलेल्या स्त्रियांना औषध देण्याचा मार्ग खुला होता. तथापि काही देशांत प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना ते सरसकट नाकारण्यात आले. जुलै २०१८ मध्ये किगाली येथे जमलेल्या आफ्रिकेतील बाधित स्त्रियांनी निर्णयाचा अधिकार आपला आहे असे ठासून सांगितले. पुढील निरीक्षणांत धोका बराच कमी ठरला आणि जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध सर्वांसाठी शिफारसपात्र मानले. मधल्या काळात मात्र, जेथे औषध व गर्भनिरोधन एकाच ठिकाणी मिळत नव्हते, तेथे स्त्रीच्या निवडीला अर्थच उरला नव्हता.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. स्वतंत्र कार्यक्रमांची उद्दिष्टे मोजता येतात, जबाबदारी निश्चित असते. एकत्र केल्यास दोन्ही कार्ये शिथिल होतील, असे म्हटले जाते. हा आक्षेप निराधार नाही. केनियातील न्यांझा भागात १८ शासकीय एचआयव्ही-चिकित्सालयांत एक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे गर्भनिरोधन त्याच चिकित्सालयात उपलब्ध केले, तेथे अधिक परिणामकारक साधनांचा वापर १६.७ वरून ३६.६ टक्क्यांवर गेला. जेथे स्त्रियांना अन्यत्र पाठविण्यात आले, तेथे तो २१.१ वरून २९.८ टक्क्यांवर गेला. मात्र गर्भधारणेच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तात्पर्य, सेवा एकत्र आणल्याने लाभ होतो, पण तेवढ्याने सर्व साधते असे नव्हे.

म्हणूनच शब्दयोजनेचा विचार आवश्यक ठरतो. ‘एकीकरण’ या शब्दातून दोन वस्तूंचे स्वतंत्र अस्तित्व लोपल्याचा बोध होतो आणि वरील आक्षेपास बळ मिळते. मराठीतील ‘सांगड’ हा शब्द अधिक समर्पक होय. दोन होड्या वा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा हा त्याचा मूळ अर्थ. होड्या दोनच राहतात, पण प्रवाह एकत्र ओलांडतात. हिशेब व उद्दिष्टे स्वतंत्र ठेवूनही सेवा एका दारी देता येते, हे या शब्दात येते.

अशा सांगडीला आज नवे साधन लाभले आहे. लेनाकापाविर हे प्रतिबंधक इंजेक्शन दर २६ आठवड्यांनी घ्यावयाचे असते. दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. गर्भनिरोधक ‘डेपो’ इंजेक्शन १३ आठवड्यांनी दिले जाते. दर दुसऱ्या भेटीस दोन्ही देता येतील, इतके हे गणित सोपे आहे.

निधीचे नियम मात्र विरुद्ध दिशेने गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय साहाय्य स्थगित केले. त्यानंतर पेपफारला मिळालेल्या मर्यादित सवलतीत प्रतिबंधक औषध गर्भवती व स्तनदा स्त्रियांपुरतेच अनुज्ञेय ठरले आणि कुटुंबनियोजन वगळले गेले. म्हणजे गर्भधारणा टाळू इच्छिणारी स्त्री गर्भवती झाल्यावरच संरक्षणास पात्र ठरावी, अशी ही विपरीत व्यवस्था होय.

तेव्हा निधी देणाऱ्या संस्थांकडून तीन गोष्टींची अपेक्षा रास्त ठरते : एचआयव्हीच्या निधीतून गर्भनिरोधक साधने खरेदी करण्याची मुभा, कुटुंबनियोजन केंद्रांत तपासणी व प्रतिबंधक औषधांची तरतूद, आणि दोन्ही सेवा मिळालेल्या स्त्रियांची एकत्र नोंद. यांपैकी तिसरी अपेक्षा किरकोळ वाटली तरी ती महत्त्वाची आहे, कारण जे अहवालात मोजले जात नाही, त्यासाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात रक्कमही धरली जात नाही.