चौक भिंतीवर, गाणं धवलेरीच्या ओठांवर!

लखनौ असो की कोल्हापूर, हस्तकलेच्या प्रदर्शनात गेरूच्या रंगावरची ती पांढरी, काडीसारखी माणसं हटकून भेटतात. वारली चित्रं! चादरी, पर्स, चहाचे कप... कुठे नाहीत ती? पण ज्या लग्नासाठी ही चित्रं काढली जात, ते लग्न लावणारी धवलेरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

धवलेरी म्हणजे वारल्यांच्या लग्नातली पुरोहित. होय, स्त्री पुरोहित! डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर परंपरेनं लग्न लागतं ते तिच्या गाण्यांनी. तिच्यापाशी पोथी नाही. सारं मुखोद्गत, जाणत्या धवलेरीच्या शेजारी बसून ऐकत ऐकत शिकलेलं.

लग्नघरी सवाशिणी भिंतीवर ‘चौक’ लिहितात. शेणमातीनं सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. चौकाच्या मधोमध पालघट देवी. ही नुसती सजावट नव्हे. देवीला दिलेलं आवतण आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोहोचले. भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी बायकांच्या या कलेला स्वतःचं वळण देऊन जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ मध्ये ते गेले. पाड्यांवरच्या अनेक घरांत या चित्रांनी चार पैसे आले, हे चांगलंच झालं.

पण चित्र कागदावर गेलं, गाणं मागेच राहिलं. चित्र विकता येतं, फ्रेम करून टांगता येतं. गाण्याचं तसं नाही. शेजारी बसून ऐकणारी पोरगी नसेल, तर ते धवलेरीबरोबरच संपतं.

दूर कॅलिफोर्नियात पोमो आदिवासींच्या मेबल मॅके (१९०७ ते १९९३) हेच दुखणं जाणून होत्या. त्यांच्या विणलेल्या टोपल्या संग्रहालयांत गेल्या. पण त्या आजार बऱ्या करणाऱ्या वैदूही होत्या. विणकाम आपल्याला स्वप्नात मिळालं, असं त्या सांगत. टोपली आणि प्रार्थना त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्याच.

तेव्हा पुढच्या वेळी वारली चित्र विकत घ्याल, तर किमतीबरोबर आणखी एक गोष्ट चित्रकाराला जरूर विचारा. तुमच्या पाड्यावर धवलेरी कोण? आणि तिच्याकडून शिकतंय कोण?