पडलेली किल्ली कोण उचलणार?

हातातून किल्ली खाली पडावी, ही गोष्ट ती काय! धडधाकट माणूस वाकतो, उचलतो आणि विसरूनही जातो. परंतु मणक्याला इजा होऊन ज्याच्या कमरेखालचे बळ गेले आहे, किंवा ज्याचे स्नायू वर्षानुवर्षे क्षीण होत चालले आहेत, त्याच्या दृष्टीने हाताच्या टप्प्यापलीकडे पडलेली किल्ली परगावी राहिल्यासारखीच असते. कोणी येईपर्यंत वाट पाहावयाची आणि आल्यावर ‘जरा तेवढी देता का?’ असे म्हणावयाचे, एवढेच त्याच्या हाती उरते. दिवसातून एकदा असे म्हणावे लागले तर त्याचे काही वाटत नाही. वीस वेळा म्हणावे लागले, म्हणजे माणूस हळूहळू मागणेच सोडून देतो. तहान लागली तरी पाणी मागत नाही, डोळ्यांवर ऊन आले तरी पडदा ओढावयास सांगत नाही.

या मागण्याच्या ओझ्यातून सुटण्याची एक वाट गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत तयार झाली आणि त्या वाटेवरचा सोबती आहे कुत्रा. ही हकीगत केवळ एका हुशार जनावराची असती, तर ती वाचकांपुढे मांडण्याचे आमच्या मनात आले नसते.

अंधांना वाट दाखविणारे कुत्रे तसे जुने. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली आणि १९२९ साली अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. परंतु ज्याला दिसते, पण चालता येत नाही, त्याला कुत्र्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ फारसा कोणी मनावर घेतला नव्हता. तो घेतला बॉनिटा बर्गिन या कॅलिफोर्नियातील शिक्षिकेने. आशियात अध्यापन व प्रवास करीत असताना त्यांनी पाहिले की, हातापायांनी अधू असलेली माणसे गाढवांच्या आधाराने रस्त्यातून फिरतात, त्यांच्या पाठीवर माल लादून तो विकतात आणि आपले पोट भरतात. संपन्न अमेरिकेत अशी कित्येक माणसे त्या काळी शुश्रूषागृहांत दिवस काढीत होती आणि येथे गरीब मुलखात ती भरबाजारात उभी होती! मायदेशी परतल्यावर गाढवाच्या जागी कुत्रा आणावयाचे त्यांच्या मनाने घेतले. या क्षेत्रातल्या जाणकारांनी शंका काढल्या, तरी १९७५ साली सांता रोझा या गावी ‘कनाइन कंपॅनियन्स फॉर इंडिपेंडन्स’ ही संस्था सुरू झाली.

पहिल्या कुत्र्याचे नाव होते अब्दुल. तो ज्या तरुणीला मिळाला, तिच्या हातापायांत अगदीच थोडे बळ होते. कुत्रा बळाला भितो आणि म्हणून आज्ञा पाळतो, असा एक जुना समज आहे. जिला पट्टा ओढून धरणेही कठीण, तिची आज्ञा अब्दुलने पाळली, तेव्हा तो समज निदान त्या घरापुरता तरी मोडीत निघाला.

त्या वर्षी त्याच राज्यात आणखी एक गोष्ट घडली. एड रॉबर्ट्स या गृहस्थांना चौदाव्या वर्षी पोलिओने गाठले होते आणि श्वासासाठीही त्यांना यंत्राचा आधार घ्यावा लागे. १९६२ साली बर्कले विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांचे अवजड यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्यांची राहण्याची सोय करावी लागली. हेच रॉबर्ट्स १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचे संचालक झाले. स्वावलंबन म्हणजे प्रत्येक काम स्वतःच्या हाताने करणे नव्हे, आपले आयुष्य कसे जगावयाचे हे स्वतः ठरविणे होय, अशी त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची धारणा होती. ही धारणा ध्यानात घेतल्यावाचून या कुत्र्यांचे मर्म उमगणार नाही, असे आम्हांला वाटते.

आता त्याच्या शिक्षणाविषयी. बहुधा लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा या दोहोंच्या संकरातून झालेली पिले यासाठी निवडतात. शिकाऱ्याने टिपलेले पाखरू दात न लावता उचलून आणावे, यासाठीच या जातींची पैदास झाली. तोंडाचा तोच हळुवारपणा येथे उपयोगी पडतो. औषधाची बाटली असो की चष्मा, ओरखडा न उमटता तो मांडीवर येऊन पडतो. सुमारे आठ आठवड्यांचे पिलू एखाद्या स्वयंसेवक कुटुंबाकडे देतात. तेथे ते दीड वर्षाचे होईपर्यंत वाढते. बसमध्ये बसते, दुकानात जाते, गर्दीला सरावते. मग ती मंडळी डोळे पुसत त्याला संस्थेच्या स्वाधीन करतात. पुढे सहा ते नऊ महिने रीतसर शिक्षण चालते आणि तो चाळीसेक आज्ञा शिकतो. दाराच्या मुठीला बांधलेली दोरी दातांत धरून दार उघडावयाचे, मागच्या पायांवर उभे राहून दिव्याचे बटण दाबावयाचे, पायातला मोजा अलगद ओढून काढावयाचा, उंच गल्ल्यावर पुढचे पाय टेकून दुकानदाराच्या हाती पैशांचे पाकीट द्यावयाचे, मालक पडला तर भुंकून कोणाला तरी बोलवावयाचे. खारीमागे धावण्याचा मोह आवरत नाही, किंवा आवाजाला बुजतो, अशा कारणांनी पुष्कळ कुत्रे नापास होतात. नापास होऊन त्यांचे काही बिघडत नाही. त्यांना कोणाच्या तरी घरी लाडाचे जिणे लाभते. उत्तीर्ण होणाऱ्याच्या वाट्याला मात्र नोकरी येते! शेवटी ज्याला कुत्रा मिळणार, तो माणूस दोन आठवडे संस्थेत येऊन राहतो. त्या दोन आठवड्यांत खरे शिक्षण त्याचेच असते. ही संस्था कुत्र्याचे मोल घेत नाही. खर्च देणग्यांवर चालतो.

आमचे वाचक येथे विचारतील की, हे सारे करावयास घरात माणसे नाहीत काय? प्रश्न रास्त आहे. इंदूरपासून बेळगावपर्यंतच्या आपल्या कुटुंबांत कोणी खाटेला खिळले, तर सून, भाचा, शेजारीण, कोणी ना कोणी पुढे होते, आणि ही आपली पुण्याईच म्हणावयाची. परंतु खाटेवरच्या माणसाच्या बाजूने पाहिले म्हणजे हीच गोष्ट निराळी दिसते. भाऊ कामावरून दमून आलेला आहे, वहिनी पोळ्या लाटते आहे, आता हाक मारावी की थांबावे, याचा हिशेब तो दिवसभर करीत असतो. कुत्र्यापुढे हा हिशेब करावा लागत नाही. उलट त्याला खाऊ घालणे, त्याचे केस विंचरणे, त्याला फिरावयास नेणे ही जबाबदारी मालकाची. वर्षानुवर्षे ज्याची निगा इतरांनी राखली, त्याच्यावर कोणी तरी अवलंबून असते. आमच्या मते, दार उघडण्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

आणखी एक गोष्ट कोणी योजली नव्हती, पण घडली. चाकाची खुर्ची दिसली की लोक नजर चुकवितात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या बर्गिनबाईही सहभागी होत्या, खुर्चीतली माणसे गावात खरेदीला गेली असता किती अनोळखी प्रौढ त्यांच्याशी आपुलकीने बोलले, हे मोजले होते. कुत्रा नसताना एका फेरीत साधारण एक, आणि कुत्रा बरोबर असताना आठ! लोक कुत्र्याशी बोलण्याच्या निमित्ताने माणसाशी बोलू लागतात. हे वाचून आम्हांला आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले.

१९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्यान्वये असा कुत्रा उपाहारगृहातही नेता येतो. तेथील कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात : अपंगत्वामुळे याची गरज आहे काय, आणि याला कोणते काम शिकविले आहे? कागद मागता येत नाहीत. या सौजन्याचा गैरफायदा घेऊन लाडक्या कुत्र्याला सेवकाचे जाकीट चढविणारे महाभागही तेथे निपजले आहेतच. असा न शिकलेला कुत्रा दुकानात कोणावर गुरगुरला की, लोकांच्या कपाळावरची आठी खऱ्या गरजूला पाहावी लागते.

आपल्याकडे ही प्रथा अद्याप रुजलेली नाही. दत्तात्रेयांच्या पायांशी कुत्रे बसलेले आपल्याला चालतात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चालत नाहीत. तीही अडचण एखादे वेळी दूर होईल. पण गल्लीगल्लीत भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत, पदपथ उखडलेले आहेत आणि कचेऱ्यांना पायऱ्याच पायऱ्या आहेत. कुत्रा दार उघडील. पायऱ्यांच्या जागी उतार बांधण्याचे काम मात्र माणसांचेच आहे.

साधारण आठ वर्षे काम केल्यावर हा कुत्रा निवृत्त होतो. सांधे दुखू लागतात, उडी जमत नाही. मालकाला दुसरा कुत्रा घ्यावा लागतो, कारण किल्ल्या पडावयाच्या थांबत नाहीत. काही जण म्हाताऱ्या कुत्र्याला आपल्याजवळच ठेवतात. ज्यांना दोघांची निगा झेपत नाही, त्यांचा कुत्रा पुष्कळदा परत त्याच कुटुंबाकडे जातो, ज्याने त्याला आठ आठवड्यांचा असताना घरी आणले होते.