नाताळचं ताट: कुणाच्या घरी काय जातं आणि का?

हेडफोन घरी विसरलाय हे ज्यांना लोकलमध्ये चढल्यावर कळतं, त्यांच्यासाठी ह्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

डिसेंबर आला की ऑफिसमध्ये मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "काय रे, पार्टी कुठे?" आणि दुसरा, थोडा बिचकत, "तू ख्रिश्चन आहेस, मग घरी मराठी कसा बोलतोस?" पहिल्याचं उत्तर ह्या पूर्ण भागात आहे. दुसऱ्याचं आधी देऊन टाकतो.

आम्ही कोण?

भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या बसमध्ये बसलात की मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरी येतं. तिथलं चर्च बेथलेहेमच्या मातेच्या नावाचं आहे. येशूचा जन्म झाला ते बेथलेहेम. त्यामुळे आमच्या घरात एक जुना विनोद आहे, की बाकीच्यांना बेथलेहेमला जायला विमान लागतं, आम्हाला बस पुरते.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर ह्या पट्ट्यातले कोळी, आगरी, भंडारी, शेतकरी अशा अनेक घरांत ख्रिस्ती धर्म आला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. धर्म राहिला आणि भाषाही राहिली. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, इथल्या बऱ्याच लोकांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. नाव इंग्रजी, माणसं इथलीच.

आणि पोर्तुगीज शब्द फक्त आमच्याकडे राहिले असं समजू नका. 'नाताळ' पोर्तुगीज आहे, तसे पाव, बटाटा, चावी आणि पगारही. पगार तर तुम्ही दर महिन्याला मोजता.

नाताळ २५ तारखेला सुरू होत नाही

मॉलमध्ये झाड लागलं की नाताळ आला, असं आपल्याला वाटतं. चर्चच्या कॅलेंडरात तसं नाही. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा जो रविवार, तिथून आगमनकाळ सुरू होतो. चार रविवार, चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. हा वाट बघण्याचा काळ. धिंगाणा नाही, उलट थोडं आवरतं घ्यायचं, कुणाशी अबोला असेल तर मिटवायचा, कन्फेशनला जायचं.

आमच्या घरी आजी ह्या काळात एक गोष्ट करायची. ती फक्त आमची नाही, बऱ्याच देशांतल्या ख्रिस्ती घरांत आहे. गोठ्यातली गव्हाण सुरुवातीला पूर्ण रिकामी ठेवायची. कुणासाठी काही चांगलं केलं की गवताची एक काडी त्यात टाकायची. चोवीसच्या रात्रीपर्यंत बाळासाठी बिछाना तयार झाला पाहिजे. लहानपणी मी एका दुपारी मूठभर गवत कोंबून मोकळा झालो होतो. आजीनं सगळं काढलं आणि म्हणाली, "आता सांग, ह्यातली कुठली काडी कशाची?" मला तीनच आठवल्या.

गोठ्याची ही पद्धत संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्याशी जोडतात. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणून जन्माचा देखावा मांडला. आज वसईपासून उत्तनपर्यंत पोरं रात्र रात्र जागून गोठे बनवतात. कुणी विहीर करतं, कुणी होडी, कुणी आपल्याच गावाचं मॉडेल.

एक शंका नेहमी येते, की 'मिडनाईट मास' मध्यरात्री का नसतो? म्हणजे, काही ठिकाणी असतो. पण गर्दी इतकी होते, की बरीच चर्च मैदानात मिस्सा ठेवतात, आणि मैदान म्हटलं की लाऊडस्पीकर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून अनेक ठिकाणी 'मध्यरात्रीची मिस्सा' संध्याकाळी किंवा रात्री लवकर होते. गणपती-नवरात्रवाल्यांना हे गणित वेगळं समजावायला नको.

आता मुद्द्यावर: ताट

नाताळच्या फराळाला कुसवार म्हणतात. नेवऱ्या, कुलकुल, मार्झिपान, मिल्क क्रीम, गुवा चीज, डेट रोल, जुजुब्स आणि केक. नेवरी म्हणजे तुमची करंजीच, फार फरक नाही. कुलकुल म्हणजे मैद्याच्या छोट्या गोळ्या काट्यावर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायच्या आणि तळायच्या. गुवा चीजमध्ये चीज नसतं. पेरूचा गर, साखर, लिंबू, आणि हात दुखेपर्यंत ढवळणं.

हे सगळं घरी खाण्यासाठी नसतं. खरं सांगायचं तर घरी उरतं ते तुटलेलं. चांगलं सगळं ताटात जातं आणि ताटं शेजारी जातात.

इथे भाईंदरची गंमत सुरू होते. आमच्या मजल्यावर चार घरं. समोर जैन कुटुंब. बाजूला सातारचे एक काका-काकू. पलीकडे आमच्यासारखंच एक घर, पण मंगळूरचं. आणि आईची जिवाभावाची मैत्रीण मिरा रोडला, नया नगरला, तिला मी खाला म्हणतो. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा येतो, दिवाळीला काकूंची चकली, पर्युषण संपलं की भाभींकडून मिठाई.

नाताळला एकच ताट सगळ्यांकडे पाठवलं तर काय होईल? कुलकुलात अंडं, मार्झिपानमध्ये अंड्याचा पांढरा भाग. केकमध्ये अंडं, वर महिनाभर रममध्ये भिजवलेला सुका मेवा. विकतच्या जुजुब्समध्ये जिलेटिन, आणि ते बहुतेक वेळा जनावरापासून येतं. म्हणजे भाभींकडे जाण्यासारखं जवळजवळ काहीच उरत नाही आणि खालाकडे जाण्यासारखं अर्धंच.

आजी शाळेत चौथीपर्यंत गेली होती. तिनं हा प्रॉब्लेम असा सोडवला होता:

एक, तळणीचा क्रम. नव्या तेलात आधी नेवऱ्या. त्या संपल्याशिवाय कुलकुल कढईजवळसुद्धा आणायचे नाहीत. कारण अंड्याचं तळलेल्या तेलातली नेवरी भाभींना चालणार नाही, आणि त्यांना ते कळणारही नाही. आजीला नेमकं तेच नको होतं.

दोन, जुजुब्स चायना ग्रास घालून. ते समुद्री शेवाळापासून बनतं, म्हणून भाभींना चालतं, खालालाही चालतं.

तीन, केकच्या सुक्या मेव्याच्या दोन बरण्या. रमची बरणी महिनाभर आधी भरायची. दुसरी संत्र्याच्या रसाची, ती आदल्या रात्री आणि फ्रीजमध्येच, कारण रस टिकत नाही.

चार, भाभींचं ताट दिवसा द्यायचं. त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. संध्याकाळी ताट नेलं तर त्यांना पोरांसमोर ते झाकून ठेवावं लागणार.

आणि पाच, विचारायचं. सगळ्या जैन घरांचे नियम सारखे नसतात, सगळ्या मुसलमान घरांचेही नसतात. आमच्याही घरांचे कुठे असतात?

मी काय घोळ घातला

तीन वर्षांपूर्वी आजीचे गुडघे आणि हात दोन्ही थकले. मला नुकताच बोनस मिळाला होता. मी म्हटलं, आजी, तू बस, ह्या वर्षी मी बघतो. ॲपवरून बारा बॉक्स मागवले. सोनेरी रिबिन, आत प्लम केक, वर आमच्या आडनावाचं छापील कार्ड. चोवीसच्या संध्याकाळी अर्ध्या तासात सगळीकडे वाटून मोकळा. मनात म्हटलं, काय एफिशियन्सी!

भाभींनी हसून बॉक्स घेतला. "मेरी ख्रिसमस बेटा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मिस्साहून परत येताना तो बॉक्स मला खाली वॉचमनच्या टेबलावर दिसला. रिबिनसुद्धा सोडलेली नव्हती.

मला आधी राग आला. घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "अंडं आहे की नाही ते तरी वाचायचंस." बस, एवढंच. मग उठली, भिंतीला धरून किचनमध्ये गेली आणि आईला रवा काढायला सांगितलं. त्या वर्षी भाभींकडे नेवऱ्या सव्वीस तारखेला गेल्या. सकाळी.

तेव्हा मला ते फार वाटलं होतं. एका बॉक्ससाठी एवढं काय? आज तसं वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातली जन्माची गोष्ट बघा. मरिया आणि योसेफला उतरायच्या जागी जागा मिळत नाही, बाळाला गव्हाणीत ठेवावं लागतं. आणि ही बातमी सगळ्यात आधी कुणाला कळते? रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. ज्यांना कुणी आमंत्रण दिलं नसतं त्यांना. आजीनं मला ह्यावर कधी प्रवचन दिलं नाही. पण आपल्या सणात दुसऱ्याला जागा आहे की नाही, हे ती तेलाच्या क्रमातून बघत होती, असं मला वाटतं.

ज्या वर्षी ताट गेलं नाही

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आजी गेली.

आमच्याकडे दुखवट्याच्या वर्षी कुसवार करत नाहीत. दारात चांदणी लावली नाही. गोठा मात्र मांडला, कारण आईचं म्हणणं, आपलं माणूस गेलं म्हणून बाळ यायचं थांबत नाही. गव्हाण रिकामीच होती. मी आगमनकाळात दोनदा चर्चला गेलो, तेही आईला सोबत म्हणून. खरं सांगतो, प्रार्थना जमत नव्हती. मराठीत सगळं पाठ आहे, तोंड चालतं, पण आत काही हलत नव्हतं.

चोवीसला दुपारी बेल वाजली. सातारच्या काकू. हातात ताट, वर विणलेला रुमाल. चकली, शंकरपाळे, रव्याचे लाडू. नाताळात चकली बघून माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे यंदा तळण नाही ना. आमच्यात दिवाळीला असं असलं की शेजारचे आणून देतात. तुमच्यात काय करतात माहीत नाही, म्हणून जे येतं ते आणलं."

आमच्यातही हेच करतात. अगदी हेच. दुखवट्याच्या घरी चूल गोडाला पेटत नाही, म्हणून बाकीच्यांनी ताट न्यायचं. डोंगरीहून मावशीचं आलं, मंगळूरच्या आंटीचं आलं. ते अपेक्षित होतं. काकूंचं नव्हतं. तासाभरानं भाभी आल्या, सुखडी घेऊन. संध्याकाळी खालाच्या मुलानं बाईकवरून बिर्याणीचा डबा पोचवला, "अम्मीनं सांगितलंय, रात्री चर्चहून आल्यावर गरम करा."

भाभी दारातच थांबल्या होत्या. म्हणाल्या, "माजी नेवरी के लिए अलग तेल रखती थीं ना?" म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. आईनं मान हलवली आणि मग ती रडली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच आमच्यासमोर.

त्या रात्री मिस्सा संपल्यावर गोठ्यात बाळ ठेवायची वेळ आली. घरात सगळ्यात लहान मीच. गव्हाणीत काडी नव्हती, म्हणून मी काकूंच्या ताटावरचा रुमाल घडी करून ठेवला आणि त्यावर बाळ. आई काही बोलली नाही.

तर, पार्टी कुठे?

यंदा आमची ताटं जाणार आहेत. येत्या रविवारी आई आणि मी तळायला बसतोय. कुलकुल मला वळता येत नाहीत, ते आकारानं स्क्रूसारखे होतात, पण क्रम मला पाठ आहे. काकूंचा रुमाल धुऊन ठेवलाय, तो लाडवांच्या जागी नेवऱ्या घेऊन परत जाईल. रिकामं ताट परत द्यायचं नसतं, हे तर सगळ्यांच्याच घरी आहे.

तुम्ही ख्रिस्ती असाल आणि केक पाठवणार असाल, तर आधी एक मेसेज टाका: अंडं चालतं का, रम चालते का, कधी आणू? आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि ओळखीच्या घरी यंदा कुणी गेलं असेल, तर चोवीसला दुपारी बेल वाजवा. चकली चालते. मी स्वतः खाल्लीये.

तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडून कुठलं ताट येतं, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू. नाताळच्या शुभेच्छा, आणि भेटू!