वजनाचा हिशेब

मांजरी म्हटले की जुन्या पुणेकराच्या डोळ्यांपुढे उसाचे फड येतात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हाच ते विरळ झाले होते. २०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेत गेली. आता खिडकीतून टॉवर दिसतात आणि दर दोन टॉवरांमागे एक जिम. संध्याकाळी भाजी आणायला निघालो की काचेआड घाम गाळणारी तरुण मंडळी दिसतात. लोखंड आपटल्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतो. मला तो आवाज आवडायचा. गेल्या वैशाखापासून आवडेनासा झाला.

आमचा मुलगा बत्तीस वर्षांचा. मगरपट्ट्यात दहा-दहा तास संगणकासमोर बसतो. पाच महिन्यांच्या खंडानंतर त्याने पुन्हा जिम धरली, तीही 'तीस दिवसांत कायापालट' छापाच्या एका योजनेत. पहिल्याच संध्याकाळी घड्याळ लावून बैठका, उड्या आणि पुन्हा बैठका. थांबायचे नाही, शेजारच्याच्या मागे पडायचे नाही. घरी आला तेव्हा स्वारी खूश होती. दुसऱ्या दिवशी मात्र कठडा धरून एकेक पायरी जिना उतरला.

"अंग धरलंय, बाबा. चालायचंच," म्हणाला आणि केमिस्टकडून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊन ऑफिसला गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला हाक मारली. मांड्या टणक सुजल्या होत्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती.

इस्पितळात रक्त तपासले. क्रिएटिन कायनेज नावाचा एक घटक असतो. एरवी दोनशेच्या आत-बाहेर असणारा त्याचा आकडा चाळीस हजारांवर गेला होता. आजाराचे नाव ऱ्हॅब्डोमायोलिसिस. कादंबरीकाराला शब्दांचे भय नसावे, पण हा शब्द मी तीनदा लिहून घेतला. अर्थ सोपा आहे. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम अतोनात ताण पडला की त्यांच्या पेशी फुटतात. त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करते. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ साली, बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांत हाच प्रकार नोंदवला होता. आमच्या चिरंजीवांनी तो पैसे भरून ओढवून घेतला.

चार दिवस सलाईन चालू होते. मूत्रपिंडे वाचली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते इथे मुद्दाम लिहितो, कारण घरोघरी जिमला जाणारे कोणी ना कोणी आहे. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकणे स्वाभाविक. ते हळूहळू ओसरते. ठणका वाढत गेला, स्नायू सुजला, हातापायातले बळ गेले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे. रंग पालटण्याची वाट बघत बसायचे नाही, कारण तो प्रत्येकाचा पालटतोच असे नाही. उन्हाळा, कमी पाणी, नुकताच येऊन गेलेला ताप यांनी धोका वाढतो. त्यात काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावरचा भार आणखी वाढवतात. आणि सर्वांत सावध राहायचे ते नवख्याने आणि खंडानंतर परतलेल्याने. खंडानंतर परतणाऱ्याला आपली जुनी ताकद आठवत असते, हीच त्याची अडचण.

बँकेत कर्ज देताना आम्ही अर्जदाराची पत बघायचो. शरीरात पत दोन ठिकाणी असते. स्नायू काही आठवड्यांत जोर दाखवू लागतो; त्याला हाडाशी बांधणारी कंडरा मजबूत व्हायला महिने लागतात. स्नायूची पत बघून कर्ज मंजूर होते आणि हप्ता कंडरेला फेडावा लागतो. खांदे, कोपरे, गुडघे बरेचदा कुरकुरतात ते यामुळे.

याचे सर्वांनी टीव्हीवर पाहिलेले उदाहरण सांगलीच्या संकेत सरगरचे. वडिलांची पानाची टपरी सांभाळत वाढलेला हा मुलगा ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ उचलून त्याने सुवर्णावर हक्क सांगितला होता. १३९ च्या प्रयत्नात त्याचे उजवे कोपर गेले. तरी तो तिसऱ्यांदा आला, १४१ साठी. ते उचलले गेले नाही. मलेशियाच्या अनिकने एकूण २४९ किलो उचलले. संकेतचे २४८ झाले. गळपट्ट्यात हात अडकवून पदक घेतानाचा त्याचा फोटो आमच्या मुलाने कपाटाला चिकटवला होता.

संकेतला दोष देण्याचा मला अधिकार नाही. आयुष्यभराची मेहनत त्या एका मिनिटात पणाला लागली होती. पण मांजरीत मंगळवारी संध्याकाळी कोणते सुवर्ण पणाला लागलेले असते? फोटोतून आमची मुले सहन करायला तेवढी शिकतात. त्याच्यामागची प्रशिक्षकाच्या नजरेखालची वर्षे फोटोत येत नाहीत.

याच पुण्यात वजनाचे दुसरे एक भांडण झाले आहे. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणावे यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस प्रौढ पुरुषाला ५५ किलोपर्यंतच्या ओझ्याची. पाठीचे मोल हमालाला कळते, कारण उद्या तीच घेऊन कामावर जायचे असते.

मला ते कळले नव्हते. १९८६ साली एका तालुक्याच्या शाखेत मी नवा अधिकारी होतो. शिपाई नाण्यांची थैली उचलायला थोडा वेळ लावत होता, म्हणून मीच कमरेत वाकलो, थैली अंगापासून लांबच धरली आणि वळलो. कमरेत उसण भरली. शिपायासमोर शोभा नको म्हणून बोललो नाही. दिवसभर ताठ बसून सह्या केल्या. रात्री शेजाऱ्यांनी एका हाडवैद्याकडे नेले. त्याने ताज्या दुखण्यावर गुडघा ठेवून पाठ कडाकडा मोडली. नंतर आंबेहळदीचा लेप आणि तीन आठवडे फळीवर उताणे. त्या काळी डॉक्टरही झोपूनच राहायला सांगत.

आता ते शास्त्र बदलले. अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली दुखापतीवर विश्रांती, बर्फ, पट्टी आणि अवयव उंच ठेवणे हा मंत्र दिला. पुढे बर्फाने आणि संपूर्ण विश्रांतीने भरून येण्याला उशीर होऊ शकतो, हेही त्यांनीच मान्य केले. साध्या उसणीत एक-दोन दिवसांनी हळूहळू हालचाल सुरू करायची, फिजिओथेरपिस्टकडून पुन्हा बळ कमवायचे. मात्र पाय बधिर झाला, जांघेत संवेदना राहिली नाही किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर रात्र असली तरी निघायचे.

तालमीतले वस्ताद जोर-बैठकांचा आकडा सावकाश चढवायचे, असे म्हणून जुन्याची आरती ओवाळण्याचा मोह मला होतो. सौ. लगेच आठवण करून देते, की तिचे दोन्ही मामा तालमीतले आणि दोघांचेही गुडघे गेलेले. एवढे खरे, की वस्ताद पोराला नावाने ओळखायचा. काल त्याला ताप होता हे त्याला ठाऊक असे. जिममध्ये नाव नोंदवताना हाच प्रश्न विचारावा: माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?

रक्ताचा आकडा खाली आल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मुलगा पुन्हा जाऊ लागला. वेगळ्या जिममध्ये, रिकाम्या रॉडने. तोही वीस किलोचा असतो, हे मला तेव्हा कळले. मी त्याला बँकेतली एक जुनी कोरी खातेवही दिली. तारीख, वजन, किती वेळा, झोप, आणि शेवटचा रकाना दुखण्याचा. दोन महिने तो रकाना कोराच होता. मी वही बघायचो आणि थैलीचा दिवस आठवायचो. विचारत मात्र नव्हतो.

परवा त्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेले दिसले: 'डावा गुडघा, थोडा. आज बैठका नाहीत.'