ज्यूदो स्पर्धकांची मानसिक पूर्वतयारी
ज्यूदो स्पर्धकांची मानसिक पूर्वतयारी : सरावात आत्मसात केलेले कौशल्य स्पर्धेच्या ऐन प्रसंगी पूर्णपणे वापरता यावे, म्हणून स्पर्धकाच्या अवधानाला, भावनांना व सवयींना दिलेले पद्धतशीर वळण. खेळाडूच्या ठिकाणी क्षणिक आवेश निर्माण करणे म्हणजे मानसिक तयारी, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. आवेश हा तयारीचा एक लहानसा भाग असून पुष्कळदा तो अपायकारकही ठरतो. शरीराच्या तयारीप्रमाणेच मनाची तयारीही अनेक महिन्यांच्या नियमित अभ्यासाने साध्य होते.

लढतीचे स्वरूप : प्रौढ गटातील लढतीची नियमित मुदत ४ मिनिटांची असते. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने व ताबा ठेवून पाठीवर आपटल्यास अथवा जमिनीवर २० सेकंद दाबून धरल्यास ‘इप्पॉन’ हा पूर्ण गुण मिळतो आणि लढत तेथेच संपते. गळा आवळल्याने किंवा कोपराचा सांधा पिळल्याने प्रतिस्पर्ध्याने हार मान्य केल्यासही हाच निर्णय होतो. मुदत संपूनही निर्णय न लागल्यास ‘सुवर्ण गुणा’साठी लढत वेळेच्या मर्यादेविना पुढे चालते. निष्क्रियतेबद्दल ‘शिदो’ ही शिक्षा दिली जाते व तिसऱ्या शिदोबरोबर स्पर्धक बाद होतो.

या नियमांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. साडेतीन मिनिटे आघाडीवर असलेला स्पर्धक अर्ध्या सेकंदाच्या अनवधानाने हरू शकतो. आणि हरण्याच्या भीतीने केवळ बचाव करणाऱ्यास नियमच बाहेर काढतात. म्हणून अखंड अवधान आणि धोका पत्करण्याची तयारी या दोन्हींचा मेळ घालणे, हा ज्यूदोतील मानसिक तयारीचा गाभा होय.

परंपरा : ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये टोकिओ येथे कोदोकान ही संस्था स्थापन केली. शक्तीचा जास्तीत जास्त कार्यक्षम उपयोग आणि परस्परांचे कल्याण ही त्यांची दोन मुख्य तत्त्वे. सरावाच्या आरंभी व अखेरीस करावयाचे शांत आसन, प्रतिस्पर्ध्याला वाकून केलेले अभिवादन इ. प्रथांकडे केवळ शिष्टाचार म्हणून पाहिले जाते. तथापि त्यांचे मानसिक कार्यही महत्त्वाचे आहे. ठरलेली कृती दररोज त्याच क्रमाने केल्याने मन बाहेरच्या विषयांपासून निघून सरावाच्या विषयाकडे वळते. स्पर्धेच्या अनोळखी सभागृहात तेच अभिवादन खेळाडूला ओळखीच्या जागी आणून उभे करते.

स्पर्धापूर्व चिंता : लढतीपूर्वी छाती धडधडणे, तळहातांना घाम येणे, पोटात कालवणे ही शरीराच्या सज्जतेची स्वाभाविक लक्षणे आहेत. ती म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे नवोदित खेळाडूला प्रथम समजावून द्यावे लागते. ‘आपण घाबरलो’ या विचाराने येणारी दुसरी भीती मूळ भीतीपेक्षा अधिक नुकसान करते. शारीरिक चिंता आणि वैचारिक चिंता असा भेद मानसशास्त्रज्ञ करतात. पहिली लढत सुरू होताच बहुधा ओसरते. दुसरी, म्हणजे पराभवाच्या व लोकांच्या बोलण्याच्या कल्पना, लढतीतही अवधान खात राहते.

रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉड्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून उद्दीपन आणि शिकण्याची क्षमता यांचा संबंध दाखविला. त्यावरून पुढे असे मत रूढ झाले, की उद्दीपन फार कमी अथवा फार अधिक असल्यास कामगिरी खालावते व मधल्या पातळीवर ती उत्तम होते. परंतु ही मधली पातळी सर्वांची सारखी नसते. रशियन क्रीडामानसशास्त्रज्ञ यूरी हानिन यांनी प्रत्येक खेळाडूचा स्वतंत्र अनुकूल टप्पा असतो, हा विचार मांडला. कोणी लढतीपूर्वी एकटा व गप्प बसून उत्तम खेळतो, तर कोणी हसत-बोलत. त्यामुळे सर्व संघाला एकच आवेशपूर्ण भाषण देण्याची प्रथा काहींना उपकारक, तर काहींना घातक ठरते. प्रत्येक लढतीनंतर खेळाडूने आपली झोप, मनःस्थिती व खेळ यांची वहीत नोंद ठेवल्यास काही महिन्यांत त्याचा स्वतःचा टप्पा ध्यानात येतो.

तयारीची साधने : (१) लक्ष्यनिर्धारण : ‘पदक मिळवावयाचे’ हे लक्ष्य प्रतिस्पर्ध्यावरही अवलंबून असते. ‘प्रत्येक लढतीत पहिली पकड मी घेईन’, ‘पंचांनी थांबविल्यावर दर वेळी एक दीर्घ श्वास घेईन’ ही लक्ष्ये स्वतःच्या हातातील असतात. स्पर्धा जवळ आल्यावर दुसऱ्या प्रकारच्या लक्ष्यांवर भर द्यावा.

(२) श्वसन व शिथिलीकरण : अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये क्रमवार शिथिलीकरणाची पद्धती ग्रंथरूपाने मांडली. तीत एकेक स्नायुगट प्रथम ताणून मग सैल सोडावयाचा असतो. भारतीय खेळाडूंना शवासन व प्राणायाम यांच्या रूपाने असाच अभ्यास परिचित आहे. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबविल्यास हृदयाची गती मंदावण्यास मदत होते. मात्र लढतीच्या अगदी तोंडावर पूर्ण शिथिलीकरण करू नये. त्यामुळे अंग जड होते. ते आदल्या रात्री किंवा दोन लढतींमधील दीर्घ अवकाशात करावे.

(३) मनश्चित्रण : डोळे मिटून स्वतःची लढत स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असल्याप्रमाणे कल्पिणे. जाकिटाच्या कापडाचा हाताला होणारा स्पर्श, प्रतिस्पर्ध्याचा ओढा, पायाखालची चटई हे सर्व त्या चित्रात यावे व डावाची गती प्रत्यक्षातल्याइतकीच असावी. केवळ विजयाचे चित्र रंगविणे पुरेसे नाही. गुण गेला, शिदो मिळाला, पकड सुटली, अशा प्रसंगी आपण काय करू हेही आधीच पाहून ठेवावे. मनश्चित्रण प्रत्यक्ष सरावाला पूरक असते. त्याची जागा घेऊ शकत नाही.

(४) स्वसूचना : लढतीत लांब विचारांना वेळ नसतो. ‘हात’, ‘पुढे’, ‘श्वास’ असे एकशब्दी संकेत सरावातच ठरवून घ्यावेत. ‘पडू नकोस’ यासारख्या निषेधात्मक सूचनेने मन पडण्याकडेच वळते. म्हणून काय करावयाचे, ते सांगणारा शब्द निवडावा.

(५) सरावातील अनुकरण : पंच, गुणफलक, प्रेक्षकांचा गोंगाट, अनपेक्षित विलंब यांसह सरावलढती ठेवणे. ‘शेवटचे ३० सेकंद, एका गुणाने मागे’ किंवा ‘शेवटचे ३० सेकंद, एका गुणाने पुढे’ अशा ठरावीक परिस्थितीतील लढती विशेष उपयुक्त असतात.

वजनाचा प्रश्न : स्पर्धा वजनगटांनुसार होत असल्यामुळे पुष्कळ खेळाडू अखेरच्या दिवसांत पाणी व अन्न तोडून वजन घटवितात. शरीरातील पाणी घटल्याने चिडचिड, निद्रानाश व एकाग्रतेचा अभाव उद्भवतो आणि महिनोन्‌महिने केलेली मानसिक तयारी एका रात्रीत व्यर्थ जाते. धोका एवढ्यावरच थांबत नाही. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या पूर्वतयारीच्या काळात दक्षिण कोरियाच्या एका नामवंत ज्यूदोपटूचा वजन घटविताना मृत्यू झाला. वाढत्या वयाच्या मुलामुलींना झटपट वजन घटविण्यास लावणे सर्वस्वी अयोग्य होय. त्यांना त्यांच्या स्वाभाविक गटातच खेळवावे.

स्पर्धेचा दिवस : एका वजनगटाच्या सर्व लढती सामान्यपणे एकाच दिवशी होतात. प्रत्यक्ष लढतींचा एकूण काळ २०–२५ मिनिटांचा, तर प्रतीक्षेचा काळ कित्येक तासांचा असतो. हा प्रतीक्षाकाळ कसा घालवावा, हे आधीच ठरलेले असावे : उठणे, अंग गरम करणे, खाणे, एकांत, पुन्हा अंग गरम करणे. समोर चाललेल्या प्रत्येक लढतीकडे पाहत बसल्याने शक्ती व्यर्थ खर्च होते.

जागतिक स्पर्धांतील काही प्रसंग या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदर्लंड्सच्या अँटन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जपानी प्रेक्षकांसमोर दाबून धरून हरविले. आनंदाने चटईकडे धावणाऱ्या स्वदेशीय समर्थकांना त्याने हात उंचावून थोपविले. अभिवादन पूर्ण होईपर्यंत लढत संपलेली नाही, ही शिस्त त्या क्षणीही ढळली नाही. १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये यासुहिरो यामाशिताच्या उजव्या पोटरीला दुखापत झाली आणि उपांत्य लढतीच्या आरंभी फ्रेंच प्रतिस्पर्ध्याने त्याला खाली पाडून गुणही मिळविला. तरीही त्याने जमिनीवरच्या कौशल्याचा आश्रय घेऊन ती लढत व नंतर सुवर्णपदक जिंकले. याउलट, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गतविजेती उता आबे ही एका गुणाने आघाडीवर असताना उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोव्हाकडून इप्पॉनने पराभूत झाली व कितीतरी वेळ तिला रडू आवरेना. त्याच दिवशी तिचा भाऊ हिफुमी याने सुवर्णपदक मिळविले. श्रेष्ठ खेळाडूही एका क्षणापासून मुक्त नसतो. म्हणून पराभव कसा पेलावयाचा, याचाही तयारीत समावेश असला पाहिजे.

मराठवाड्यातील परिस्थिती : नांदेड व लातूर या जिल्ह्यांत मल्लविद्येची परंपरा जुनी आहे. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचे फड रंगतात. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड येथील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी हा किताब आणि १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातून ज्यूदोकडे वळणारा मुलगा किंवा मुलगी अशा कुस्तीप्रिय परिसरात वाढलेली असते आणि तिची मानसिक घडणही काही अंशी तेथेच झालेली असते.

ही घडण काही बाबतींत अनुकूल आहे. हलगीच्या कडकडाटात, गावासमोर लंगोट लावून उभे राहण्याची सवय असलेल्याला प्रेक्षकांचे भय कमी वाटते. चीतपट व इप्पॉन या दोन्हींत पाठ जमिनीला लावण्याची कल्पना समान असल्याने निकाली विजयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वस्तादाविषयीचा आदर व मातीला केलेला नमस्कार यांमुळे कोदोकानची शिस्तही परकी वाटत नाही.

काही बाबतींत मात्र सवय बदलावी लागते. फडातील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची ताकद अजमावण्यासाठी बराच वेळ खडाखडी चालते व तो संयम कौतुकास्पद मानला जातो. ज्यूदोत त्याच संयमाला शिदो मिळतो. यात्रेत मल्लाला बहुधा एकच जोड खेळावयाची असते. येथे तासातासाच्या अंतराने चार-पाच वेळा मन गोळा करून पुन्हा उभे राहावे लागते. शिवाय गावचा मान राखण्याचे ओझे पाठीशी असते. शालेय स्पर्धांत जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढताना मुखेडच्या खेळाडूला एस.टी.चा व आगगाडीचा रात्रीचा प्रवास, परके अन्न व अपुरी झोप यांना तोंड द्यावे लागते. मोठ्या शहरातील खेळाडूला वर्षभरात जितक्या भिन्न प्रतिस्पर्ध्यांशी सराव करावयास मिळतो, तितके त्याला लाभत नाहीत. ही उणीव मनश्चित्रण, अनुकरण-लढती व नोंदवही यांनी काही अंशी भरून काढता येते. या साधनांना खर्च येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मातीतून चटईवर जाण्याच्या या संक्रमणाचे महाराष्ट्रातील थोर उदाहरण खाशाबा जाधव (१९२६–८४) यांचे होय. कराडजवळील गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चटईवरील कुस्तीला व तिच्या नियमांना नवखे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षे त्या उणिवेवर मेहनत घेऊन १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्याच गटाचे सुवर्णपदक मिळविणारा शोहाची इशी मूळचा ज्यूदोपटू होता. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर निर्बंध आल्यामुळे तो कुस्तीकडे वळला होता. एका खेळात घडलेले मन योग्य अभ्यासाने दुसऱ्या खेळात उपयोगी पडते, याची ही दोन्ही उदाहरणे साक्ष देतात.

प्रशिक्षक व पालक : खेळाडूच्या मनावर सर्वांत अधिक परिणाम पराभवानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतील वागणुकीचा होतो. त्या वेळी दोषदिग्दर्शन टाळावे. विश्लेषण दुसऱ्या दिवशी, एक-दोन मुद्यांपुरते करावे. मुलाची किंमत पदकावर ठरत नाही, हे घरातील वागण्यातून त्याला जाणवले पाहिजे. मारहाण व चारचौघांतील अपमान यांनी खेळाडू कणखर होत नाही, तर दुखापत व भीती लपविण्यास शिकतो.

मानसिक तयारीला मर्यादाही आहेत. अपुरे तंत्र, अशक्तपणा वा दुखापत यांची भरपाई ती करू शकत नाही. दीर्घकाळ झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, सरावाचा तिटकारा, सतत उदासपणा किंवा जगणे नकोसे वाटल्याची भाषा ही स्पर्धेपूर्वीच्या साध्या धास्तीची लक्षणे नव्हेत. अशा वेळी धीराच्या शब्दांवर न विसंबता खेळाडूला तत्काळ मानसोपचारतज्ञाकडे न्यावे. त्यात त्याचा वा घराण्याचा कोणताही कमीपणा नाही. स्पर्धा पुन्हा येते. खेळाडू शरीराने व मनाने सुस्थितीत राहून सरावाला परतणे, हीच मानसिक तयारीच्या यशाची खरी कसोटी होय.